पेंटरकाकांचे हातमोजे

काकू : काढा ते हातमोजे. डॉक्टर खोळंबल्यात.

पेंटर : काढतो गं. आधी त्या कोपऱ्यात बघ. डॉक्टर, तुमच्या कोपऱ्यात ओल आलीये.

डॉक्टर : माहितीये. मागच्या वर्षी हा दवाखाना तुम्हीच रंगवलात, पेंटरकाका.

पेंटर : रंग माझा, ओल वरच्या मजल्याची. त्यांच्या न्हाणीघराचा पाइप गळत असणार. रंगाच्या नावानं बोंब नको.

डॉक्टर : मी काही बोलले का? हात दाखवा.

पेंटर : हात दाखवून अवलक्षण.

काकू : ऐकलंत? घरी पण हेच. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय, आणि हा माणूस लोकरीचे हातमोजे घालून फिरतो. जेवताना चमचा, चहा पिताना चमचा. शेजारीण मला विचारते, काका रात्री कुठं कामाला जातात का हो? म्हटलं नाही बाई. तर म्हणे, नाही, घरफोडी करणारे घालतात ना, म्हणून विचारलं.

पेंटर : तिला म्हणावं, तुझ्या घरात आहे काय फोडण्यासारखं.

डॉक्टर : काका, पण लोकरीचे? या उकाड्यात?

पेंटर : मला थंडी वाजते. हातांनाच फक्त.

काकू : डॉक्टर, मगाशी लेक बाळाला घेऊन आत आली ना तुमच्याकडे, तेव्हा मी का नाही आले? आजी असून? कारण मी बाहेर यांची बाही धरून बसले होते. सोडली असती तर जिन्यावरून पसार झाले असते.

पेंटर : बाळाचं काय निघालं हो, डॉक्टर? ते मानेवरचं?

डॉक्टर : सांगते. आधी तुमचं बघू, मग बाळाचं सांगते. हा सौदा मान्य आहे?

पेंटर : तुम्ही आधी सांगा, मग मी काढतो.

काकू : अहो, बाजारात आलाय का तुम्ही? काढा!

(पेंटर एकेक बोट सोडवत हातमोजे काढतो.)

डॉक्टर : अरे बापरे. किती दिवस झाले हे? आणि भेगांमध्ये हे पांढरं काय आहे?

पेंटर : कुठलं?

डॉक्टर : हे. इथे. इथेही. चांगलं घट्ट बसलंय.

पेंटर : बसणारच. लांबी आहे ती.

डॉक्टर : काय आहे?

पेंटर : लांबी हो. पुट्टी. रंग द्यायच्या आधी भिंतीच्या भेगा भरतात ती.

डॉक्टर : तुम्ही हाताच्या भेगांमध्ये पुट्टी भरलीत?

पेंटर : भेग दिसली की भरायची. उघडी ठेवली की वाढते.

काकू : मला म्हणालात मलम लावलंय!

पेंटर : पांढरंच होतं ते.

डॉक्टर : आणि भेगेच्या बाजूची कातडी अशी घासल्यासारखी?

पेंटर : घासल्याशिवाय लांबी धरत नाही. पॉलिश पेपर मारला जरा. कपाटांना वापरतो तो बारीक, हां. भिंतीचा जाडा नाही घेतला. तेवढी अक्कल आहे मला.

डॉक्टर : दिसतेय. घासायच्या आधी काय केलंत?

पेंटर : थिनरनं पुसून घेतलं. धूळ राहून चालत नाही.

डॉक्टर : म्हणजे आधी थिनर, मग पॉलिश पेपर, मग पुट्टी. वरून प्रायमर नाही मारलात हे नशीब म्हणायचं.

काकू : अहो? अंगठा का लपवताय?

पेंटर : एका अंगठ्यालाच. बघावं म्हटलं कसा बसतो.

काकू : मी आता काय बोलू? डॉक्टर, तुम्हीच बोला. माझी जीभ दमली. मी यांना लिंबू चोळायला दिलं, टूथपेस्ट दिली, बटाट्याची चकती बांधली…

डॉक्टर : थांबा थांबा. फुटलेल्या कातडीला लिंबू?

पेंटर : विचारा तिला, विचारा! आग होऊन भिंतीवर चढायचा बाकी होतो मी तेव्हा. आणि मला म्हणे उंटावरचा शहाणा.

डॉक्टर : तुम्ही दोघंही एकाच उंटावर बसला आहात. आधी मी हे कोमट पाण्यात भिजवते. पुट्टी सुटू दे.

पेंटर : पाण्यात? अहो, फुगेल ती.

डॉक्टर : फुगू दे. ठेवा हात या भांड्यात. आग होतेय?

पेंटर : नाही.

काकू : होतेय. यांचा डावा डोळा बारीक झाला की होत असते.

डॉक्टर : कामावर जाताय का सध्या?

काकू : कसलं काम! हात असे झाल्यापासून घरीच. रोज शिडी पुसतात. ती शिडी आता आमच्या जेवायच्या टेबलापेक्षा चकचकीत झालीये. डॉक्टर, हाताचं एक वेळ मी सोडून देईन, पण मला दुसरंच खुपतंय. लेक आमची राहायला आली, चार महिन्यांची पोर घेऊन. आमची पहिली नात. आणि या माणसानं तिला एकदा, अगदी एकदा तरी उचलून घेतलंय का विचारा. खोलीत पाऊल टाकत नाहीत. दारातून विचारतात, 'बरी आहे ना?' जशी काही भाडेकरूची चौकशी!

पेंटर : कामं असतात मला.

काकू : शिडी पुसायची! उद्या सकाळी ती परत चाललीये, डॉक्टर. काल माझ्यापाशी रडली. म्हणाली, आई, बाबा अजून वॉलपेपर विसरले नाहीत.

डॉक्टर : वॉलपेपर?

काकू : जावई वॉलपेपर चिकटवतो.

डॉक्टर : बरं. मग?

पेंटर : मग? डॉक्टर, उद्या तुमच्या मुलीनं एखाद्या भोंदू वैद्याशी लग्न ठरवलं तर तुम्ही काय पेढे वाटाल का?

काकू : लग्नाच्या हॉलला वॉलपेपर होता. सगळे नवरा-नवरीबरोबर फोटो काढतायत, आणि हे कोपऱ्यात उभे राहून नखानं कागद उचकटून बघतायत.

पेंटर : फुगा धरला होता कागदानं. मी फक्त दाखवून दिलं.

काकू : व्याह्यांना दाखवून दिलं! भर जेवणात!

पेंटर : ते झालं गेलं. आणि त्यात या तान्हीचा काय दोष? तिनं काय चिकटवलंय? जावईसुद्धा… आता त्याला सांगू नका, पण कागदाचे सांधे बरे जुळवतो तो. बघून आलोय मी एका ठिकाणी. हात फिरवला तरी सांधा लागत नाही.

काकू : हे तुम्ही तिला सांगितलंत का कधी?

पेंटर : न सांगता कळायला पाहिजे.

काकू : कसं कळणार? भिंतीशी बोलता तेवढं तरी माणसांशी बोला! मग बाळाला घेत का नाही?

डॉक्टर : काकू, जरा हळू. बाहेर बाळ रडायला लागलंय. भूक लागली असेल. तुम्हाला जायचं असलं तर जा.

पेंटर : भूक नाही ती. झोप आलीये.

काकू : तुम्हाला हो काय माहीत?

पेंटर : भुकेचं रडणं आधी खोकल्यासारखं येतं. दोनदा खोकल्यासारखं करते, मग सूर लावते. हे एका पट्टीत चाललंय. म्हणजे झोप. डाव्या कुशीवर घेऊन थोपटलं तर झोपेल. उजव्या कुशीवर आणखी चिडते.

काकू : अहो, तुम्ही खोलीत कधी आलाच नाहीत.

पेंटर : दाराबाहेर असतो की.

काकू : दाराबाहेरून कूस कळते?

पेंटर : दार उघडं असतं.

काकू : थांबा, थांबा. दुपारी आम्ही मायलेकी जरा आडव्या होतो, आणि जाग येते तेव्हा पाळणा हलत असतो. मी म्हणायचे, वाऱ्यानं हलतोय.

पेंटर : वारा कुठून येणार? खिडकी लावून झोपता तुम्ही.

काकू : मग कोण हलवतं?

पेंटर : रोलरची दांडी.

डॉक्टर : कसली दांडी?

पेंटर : छताला रंग मारायला रोलरला लांब दांडी लावतो आम्ही. एकात एक असते, खेचली की वाढते. दाराबाहेर स्टूल टाकून बसायचं, दांडी आत सोडायची आणि पाळण्याच्या कडेला टेकवून हळूच ढकलायचं. सराव आहे. छत मारताना पण मनगटावर जोर येऊ द्यायचा नसतो.

डॉक्टर : आणि थोपटता कसं?

पेंटर : टोकाला रोलर लावून. कोरा हां! रंगाचं बोट न लागलेला. आधी साबणानं धुतला, उन्हात वाळवला. मऊ असतो तो, आपल्या उशीपेक्षा मऊ.

काकू : तुम्ही माझ्या नातीवर रोलर फिरवलात!

पेंटर : फिरवला नाही. टेकवला. तिला आवडतो. हसली एकदा.

काकू : म्हणून ती दांडी रोज दारात आडवी! मी अडखळते काय, ओरडते काय, पसारा पसारा म्हणून…

डॉक्टर : काका, माझ्याकडे बघा. चार महिन्यांचं बाळ हाताच्या अंतरावर असताना माणूस दांडी कशाला वापरतो?

पेंटर : हे पसरतं ना.

डॉक्टर : काय पसरतं?

पेंटर : हे. हातांचं. आधी माझ्या साडूला झालं. आम्ही तिघं एकत्र कामं घेतो. मी, साडू आणि माझा थोरला भाऊ. साडूला झालं, मग थोरल्याला झालं, मग मला. एकामागून एक, रांग लावल्यासारखं. आता लागण म्हणजे दुसरं काय असतं? साडू म्हणतो थोरल्यानं आणलं, थोरला म्हणतो साडूनं. डबासुद्धा एकत्र खात नव्हतो आम्ही शेवटी. तीन खोल्यांत तिघं बसायचो आणि ओरडून गप्पा मारायचो. घरमालकाला वाटलं भांडणं चाललीयेत.

काकू : मला यातलं एक अक्षर नाही सांगितलंत.

पेंटर : तुला सांगितलं असतं तर तू लेकीला सांगितलं असतंस. ती त्याच दिवशी पोरीला उचलून निघून गेली असती, आणि बरोबरच होतं तिचं. मला वाटलं, राहू दे. हातात नाही तर नाही. निदान आवाज तरी येतो घरात.

काकू : अहो…

पेंटर : आणि तरी झालंच. तिच्या मानेवर उठलंय ना, लाल लाल? दारातून दिसलं मला. दांडीचं एक टोक तिच्याकडे, पण दुसऱ्याला माझेच हात. दांडीवरून गेलं असणार. तेव्हापासून दांडी पण बंद केली. डॉक्टर, तिला काही झालं असेल तर मला मोकळेपणी सांगा. मला फार भीती वाटतेय.

डॉक्टर : सांगते. पण नुसतं मन राखायला नाही सांगणार, बघून सांगेन. काढा हात बाहेर. पुसते मी. बोटं फाका. खाज कधी जास्त येते, रात्री?

पेंटर : संध्याकाळी. कामावर जायचो तेव्हा काम संपवून हात धुतले की.

डॉक्टर : घरात आणखी कुणी खाजवतंय?

काकू : नाही बाई. मी फक्त डोकं खाजवते, यांच्यामुळं.

डॉक्टर : बोटांच्या बेचक्यांमध्ये बघते. मनगट. शर्ट वर करा, पोट बघू. ठीक. खरूज असती तर इथे सापडली असती, ती खरंच लागते. ती नाहीये.

पेंटर : म्हणजे सुटलो?

डॉक्टर : अजून नाही. नायटा नाही ना, ते बघायचंय. नायटा म्हणजे बुरशी, तीही लागते. थोडी साल खरवडून काचेवर घेते आणि त्या मायक्रोस्कोपखाली बघते. दुखणार नाही.

पेंटर : डॉक्टर, पातं जरा आडवं धरा. उभं धरलंत की ओरखडा उठतो.

डॉक्टर : असं?

पेंटर : आणखी आडवं. हां. आता ओढा. बघा, कसा पोपडा सुटला.

काकू : आपल्याच अंगाचा पोपडा निघतोय आणि चेहरा बघा, जसं काही बक्षीस लागलंय.

डॉक्टर : यावर औषध टाकलंय, जरा वेळ थांबावं लागेल. दोघंही बसा.

पेंटर : मी उभाच बरा.

काकू : बसा हो. या, इथं बसा माझ्याजवळ. … आणि डॉक्टर, तोवर एक विचारू? माझ्या गालावर हे काळं पसरलंय.

डॉक्टर : वांग आहेत. काय लावता?

काकू : शेजारणीनं ट्यूब दिलीये. फार गुणाची. नायटा, खाज, मुरमं, वांग, सगळ्यावर चालते. ती तर पोराच्या सायकलच्या साखळीलाही लावते.

डॉक्टर : मग साखळीलाच लावू दे. काकू, असल्या ट्यूबनं आधी गोरं दिसतं, मग कातडी पातळ होते आणि लाल पडते. चेहऱ्यावर तर अजिबात नको. तिला परत करा. तुम्ही उन्हात गच्चीवर किती वेळ असता?

काकू : असते की. कपडे, कुंड्या, शेजारीण.

डॉक्टर : मग उन्हाचं क्रीम लावून जात जा. चेहऱ्याला, मानेला, कानांना. दर दोन-तीन तासांनी परत. काका, हे तुम्हालाही. बाहेरच्या भिंती मारताना मान भाजून निघालीये तुमची.

पेंटर : दर तीन तासांनी? बाहेरची अख्खी इमारत आम्ही चार-पाच वर्षांतून एकदा मारतो, आणि हा एवढासा चेहरा दर तीन तासांनी? मजुरी कोण देणार?

काकू : घामानं जातं ना ते.

पेंटर : मग माल हलका आहे. … डॉक्टर, झालं का?

डॉक्टर : बघतेय.

पेंटर : तुम्ही कपाळाला आठी घातलीये.

डॉक्टर : एक डोळा मिटला की पडते आठी.

काकू : अहो, हात द्या इकडे.

पेंटर : नको गं. तुला लागेल.

काकू : लागू दे. एवढ्या वर्षांत तुमचं सगळंच लागलंय मला. द्या.

डॉक्टर : काका, तुम्ही तिघं काम संपल्यावर हात कशानं धुता?

पेंटर : थिनरनं. तेलाचा रंग दुसऱ्या कशानं निघत नाही.

डॉक्टर : तिघंही?

पेंटर : एकाच डब्यात. आधी साडू, मग थोरला, मग मी. फुकट कशाला घालवायचं?

डॉक्टर : रोज?

पेंटर : रोज. बोटं चांगली बुडवून.

डॉक्टर : मग ऐका. बुरशी नाही. खरूज नाही. हा एक्झिमा आहे. थिनर कातडीतलं सगळं तेल ओढून घेतो, कातडी कोरडी पडते, फुटते, सुजते, खाजते. तुमच्या साडूनं कुणाला काही दिलं नाही आणि थोरल्यानंही नाही. तिघांना जे दिलं ते त्या डब्यानं दिलं.

पेंटर : म्हणजे एकमेकांचं नाही लागलं?

डॉक्टर : नाही.

पेंटर : हात लावला तर?

डॉक्टर : नाही लागत.

पेंटर : दांडीवरून?

डॉक्टर : दांडीवरून तर नाहीच.

पेंटर : लहान बाळाला? कातडी नाजूक असते, म्हणून विचारतोय.

डॉक्टर : लहान बाळाला, मोठ्या बाळाला, शेजारणीला, कुणालाही नाही. एक्झिमा लागत नाही. अजून किती वेळा सांगू?

पेंटर : अजून एकदा सांगा.

डॉक्टर : लागत नाही, काका.

काकू : अहो, डोळे पुसायला हात वापरू नका. थांबा. माझा पदर घ्या.

पेंटर : मग तिच्या मानेवरचं ते काय?

डॉक्टर : घामोळं. उकाड्यात बाळांना होतं. आज बाळाच्या अंगात एक बनियन, वर झबलं, वर स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि भोवती पांघरूण होतं. तुमच्या लेकीला मी विचारलं, कुणी घातलं एवढं? ती म्हणाली, आईनं.

पेंटर : आईनं?

काकू : गारठा बाधू नये म्हणून हो!

पेंटर : डांबर वितळतंय बाहेर! तूच म्हणालीस! माझ्या लोकरीच्या मोज्यांना हसतेस आणि पोरीला चार थर देतेस? आम्हीसुद्धा एक थर वाळल्याशिवाय दुसरा देत नाही!

काकू : मला काय माहीत… मी आपलं मायेनं…

पेंटर : मायेनं म्हणे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

डॉक्टर : आता भांडण पुरे. बाळाला एकच सुती कपडा, घामोळं आपोआप जाईल. पावडर थापू नका. काका, तुमचं ऐका. थिनर बंद. रंग लागला तर आधी खायचं तेल चोळा, मग सौम्य साबणानं धुवा. कामाला हातमोजे, आत सुती आणि वर रबरी.

पेंटर : हातमोजे! बघ, मी काय म्हणत होतो?

काकू : लोकरीचे नाही म्हणाल्या त्या.

डॉक्टर : हे मलम रात्री झोपताना, आठवडाभरच, नंतर मला येऊन दाखवायचं. आणि हे साधं क्रीम, बिनवासाचं. हात धुतले की लगेच, ओले असतानाच लावायचं. ओल आत धरून ठेवतं ते.

पेंटर : ओल धरून ठेवायची? डॉक्टर, उभा जन्म ओलीशी मारामारी करण्यात गेला माझा. लोक मला ओल घालवायला बोलावतात. आणि आता पैसे देऊन ओल विकत घेऊ?

डॉक्टर : हातासाठी घ्या. भिंतीला लावायला सांगत नाहीये. आणा हात, पहिल्यांदा मीच लावते.

पेंटर : … गार आहे.

डॉक्टर : हं. बोटांमध्येही. हा प्रायमरचा अंगठा का?

पेंटर : हो. तिथं जरा नीट चोळा, तो शोषून घेणार नाही. किती वेळ लागतो सुकायला?

डॉक्टर : सुकू द्यायचं नाही. मुरू द्यायचं.

पेंटर : तोवर कशाला हात लावायचा नाही ना?

डॉक्टर : लावायचा. बाहेर जा आणि लावा.

पेंटर : आत्ता?

डॉक्टर : उद्या सकाळी ती चाललीये म्हणालात ना?

पेंटर : खरखरीत आहेत अजून. टोचेल तिला.

डॉक्टर : कपड्यावरून घ्या. आणि हो, बाळाचा स्वेटर अजून अंगात असला तर आधी तो काढा.

पेंटर : मान सावरायची ना? चार महिन्यांची म्हणजे मान धरली असेल, पण तरी सावरलेली बरी. आणि लेकीला काय सांगू? वॉलपेपरचं काही बोलू का?

काकू : सांधे चांगले जुळवतो म्हणालात, तेवढं सांगा. फुग्याचं नको.

पेंटर : तू चल ना बरोबर.

काकू : आलेच मी. तुम्ही व्हा पुढे.

पेंटर : दार तू उघड. क्रीम लागेल मुठीला.

काकू : हे घ्या, उघडलं. जा.

डॉक्टर : गेले?

काकू : गेले. तिच्या खुर्चीपर्यंत गेले. उभे आहेत. हात पुढे केलेत, पण असे, जसं कुणी शिडी देणार आहे वरून.

डॉक्टर : आणि लेक?

काकू : बघतेय त्यांच्या हातांकडे. तिनं पण आज पहिल्यांदाच पाहिले ना ते. … उठली. देतेय. अगं, हळू… दिली.

डॉक्टर : रडणं वाढलं की हो.

काकू : वाढणारच. बिनरोलरचा माणूस कधी पाहिलाय तिनं?

डॉक्टर : जा ना तुम्ही. मी पुढच्या पेशंटला बोलावते.

काकू : नको. मी बाहेर दिसले की लगेच माझ्याकडे देऊन मोकळे होतील. तुम्ही असं करा, माझ्या टाचा बघा.

डॉक्टर : टाचांना काय झालंय?

काकू : बघा तरी.

डॉक्टर : अहो, छान आहेत की. एक भेग नाही.

काकू : नसू दे. दुसरी पण बघा. सावकाश बघा.